सिंथेसायझरवर आवाज घडवायला शिकताना: कोऱ्या पॅचपासून सुरुवात

सिंथेसायझर उघडला की शेकडो प्रीसेट, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेले आवाज, समोर येतात आणि शिकणाऱ्याचे पहिले कित्येक महिने त्यांतच जातात. प्रीसेट ऐकण्यात वाईट काही नाही. पण त्यातून आवाज बनतो कसा, हे मात्र कळत नाही, कारण तयार प्रीसेटमध्ये वीस-पंचवीस गोष्टी एकाच वेळी चालू असतात. शिकायचं असेल तर कोरा पॅच (एका आवाजाची सगळी मांडणी म्हणजे पॅच) घ्यावा, एका वेळी एकच नॉब फिरवावा आणि काय बदललं ते कानाने टिपावं. दुसरी गोष्ट, नवशिके सर्वांत जास्त वेळ वेव्हफॉर्म, म्हणजे ध्वनिलहरीचा आकार, निवडण्यात घालवतात आणि सर्वांत कमी एन्व्हलपवर, म्हणजे आवाज वेळेनुसार कसा चढतो-उतरतो त्यावर. हे प्रमाण उलटं हवं. आवाज कसा सुरू होतो आणि कसा विरतो, यावरच कान त्याला ओळखतो.

सुरुवातीला हार्डवेअरची गरज नाही. संगणकावर चालणारा सर्ज एक्सटी हा सिंथेसायझर पूर्ण मोफत आणि मुक्तस्रोत आहे. व्हायटलची मूळ आवृत्तीही मोफत मिळते, आणि त्यात वेव्ह, फिल्टर, एलएफओ (दुसरा नॉब आपोआप सावकाश हलवणारा भाग) सगळं पडद्यावर हलताना दिसतं, म्हणून पहिल्यांदा शिकायला तो अधिक सोपा. दोन्हींपैकी एकच निवडा आणि निदान काही महिने तोच वापरा. सोबत स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजातल्या वारंवारतांचा आलेख, दाखवणारं एक प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) ठेवा. व्हॉक्सेन्गो स्पॅन मोफत आहे आणि पुरेसं आहे. कान जे सांगतो ते डोळ्यांनी ताडून बघायला त्याचा फार उपयोग होतो.

ऐकायला हेडफोन हवेतच. लॅपटॉपच्या स्पीकरवर शंभर हर्ट्झच्या खालचं जवळपास काहीच ऐकू येत नाही, त्यामुळे त्यावर बेस घडवणं म्हणजे अंदाजपंचे काम. आवाज कमी ठेवा आणि मास्टर चॅनलवर, म्हणजे शेवटी बाहेर जाणाऱ्या आवाजावर, लिमिटर (पातळी ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारा) लावून ठेवा. रेझोनन्सचा (फिल्टरच्या सीमेजवळचा भाग उचलणारा) नॉब थोडा जास्त फिरला तर पातळी अचानक उसळते आणि ती थेट कानात जाते. की दाबल्यावर आवाज उशिरा येत असेल तर ऑडिओ बफर (संगणक एका वेळी तयार करतो तो आवाजाचा तुकडा) १२८ किंवा २५६ सॅम्पलवर आणा. सेकंदाला ४८,००० सॅम्पल या सॅम्पल रेटला २५६ चा एक बफर सुमारे ५.३ मिलिसेकंदांचा होतो. प्रत्यक्षातला उशीर त्याहून जास्त असतो, पण वाजवताना खुपत नाही. विंडोजवर त्यासाठी एएसआयओ (उशीर कमी ठेवणारा ऑडिओ) ड्रायव्हर वापरा. बफर कमी केल्यावर तडतड ऐकू आली तर प्रोसेसर मागे पडतो आहे असं समजा आणि बफर एक पायरी वाढवा.

आता कोरा पॅच घ्या. मेनूमध्ये तो ‘इनिट’ किंवा ‘इनिशियलाइझ’ या नावाने असतो. त्यात एक ऑसिलेटर, म्हणजे मूळ लाट निर्माण करणारा भाग, चालू असतो आणि बाकी बहुतेक सगळं बंद. रिव्हर्ब, डिले, कोरस चालू असतील तर तेही बंद करा. रिव्हर्ब कच्च्या आवाजातले सगळे दोष झाकतो, आणि आपल्याला ते दोष ऐकायचेच आहेत.

ऑसिलेटर: आवाजात काय काय आहे

सॉटूथ वेव्ह निवडा आणि खालच्या सप्तकातला ए, म्हणजे ११० हर्ट्झचा स्वर धरून ठेवा. कानाला एकच स्वर वाटतो, पण स्पेक्ट्रममध्ये ११०, २२०, ३३०, ४४० अशी रांग दिसेल. याच हार्मोनिक्स. सॉटूथमध्ये त्या सगळ्या असतात. दुसरीचं बळ पहिलीच्या निम्मं, तिसरीचं एक तृतीयांश, अशी ती उतरत जातात. स्क्वेअरमध्ये फक्त विषम हार्मोनिक्स असतात, म्हणजे ११०, ३३०, ५५०. म्हणून तो पोकळ वाटतो, खालच्या पट्टीतल्या क्लॅरिनेटकडे झुकणारा. ट्रँगलमध्येही विषमच, पण तिसरीचं बळ एक नवमांश, पाचवीचं एक पंचविसांश, इतकी झपाट्याने घसरण, त्यामुळे तो मऊ. साइनमध्ये एकच वारंवारता, बाकी काही नाही.

हे नुसतं वाचून मुरत नाही. कानाने पटवून घ्यायला एक प्रयोग करा. सॉटूथवर २४ डेसिबलचा लो-पास फिल्टर (वरच्या वारंवारता कमी करणारा) लावा, रेझोनन्स ८५ टक्क्यांच्या आसपास न्या (फिल्टर स्वतःच शिट्टी मारायला लागला तर थोडा मागे घ्या) आणि कटऑफ, म्हणजे जिथून फिल्टर कमी करू लागतो ती वारंवारता, १०० हर्ट्झपासून १,००० पर्यंत अतिशय सावकाश वर सरकवा. एकेक हार्मोनिक सुटी होऊन ऐकू येईल. खालचा स्वर सा धरला तर क्रम असा निघतो: सा, वरचा सा, प, सा, ग, प, किंचित उतरलेला कोमल नी, मग पुन्हा सा. ज्याला स्वरज्ञान आहे त्याला या एका प्रयोगात ऑसिलेटर आणि फिल्टर यांचं नातं कळून जातं. घाई करू नका, दहा मिनिटं यावर घालवा.

पल्स वेव्हची रुंदी ५० टक्के असेल तर तो स्क्वेअरच असतो. २५ टक्क्यांवर आणली की दर चौथी हार्मोनिक गायब होते, आणि १० टक्क्यांच्या आसपास आवाज पातळ, नाकातला होतो. शून्य किंवा शंभर टक्क्यांवर तो पूर्ण नाहीसा होतो. पुढे एलएफओने रुंदी हलवताना आवाज मधेमधे तुटला तर कारण बहुधा हेच असतं.

दुसरा ऑसिलेटर चालू करा, तोही सॉटूथ, आणि ७ सेंटनी (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) वर सरकवा. आवाज जाड होतो आणि सावकाश हेलकावे घेतो. हे हेलकावे म्हणजे दोन वारंवारतांमधला फरक. ४४० हर्ट्झला ७ सेंट म्हणजे सुमारे १.८ हर्ट्झ, सेकंदाला जवळजवळ दोन हेलकावे. ११० हर्ट्झला तेच ७ सेंट अर्ध्या हर्ट्झहूनही कमी भरतात, म्हणजे एका हेलकाव्याला दोन सेकंदांहून जास्त वेळ. म्हणून असा डीट्यून केलेला, म्हणजे स्वरापासून किंचित सरकवलेला, बेस कधी भरदार तर कधी अचानक रिकामा वाटतो: त्या दोन सेकंदांत एक क्षण असा येतो की दोन्ही ऑसिलेटरचे मूळ स्वर एकमेकांना खोडतात. उपाय सोपा आहे. खाली एक साधा साइन ऑसिलेटर ठेवा, त्याला डीट्यून अजिबात नको, आणि वरच्या दोन सॉटूथना हाय-पास फिल्टरने १०० हर्ट्झच्या खाली कापा. तळ स्थिर राहतो, वरची जाडीही मिळते.

फिल्टर

लो-पास फिल्टर कटऑफच्या वरचं कमी करत जातो. एका रेषेवर तोडून टाकत नाही. १२ डेसिबलचा फिल्टर दर सप्तकाला १२ डेसिबल कमी करतो, म्हणजे एक सप्तक वर गेल्यावर लाटेची उंची साधारण पाव उरते. २४ डेसिबलचा फिल्टर तिथे सोळावा हिस्साच ठेवतो. १९७० मध्ये आलेल्या मिनीमूगचा फिल्टर २४ डेसिबलचा होता, आणि त्याच्या घट्ट, गोल बेसमागे हा तीव्र उतार आहे. पॅडसाठी (मागे वाजणाऱ्या लांब, मऊ आवाजासाठी) मात्र १२ डेसिबलचा फिल्टर बरा पडतो. वरची थोडी हवा शिल्लक राहते.

रेझोनन्स कटऑफजवळचा भाग उचलतो. मूगच्या शिडीसारख्या रचनेच्या फिल्टरमध्ये रेझोनन्स वाढवला की खालचा भाग पातळ होत जातो. पॅच बिघडला असं वाटून लोक बेसचा इक्यू वाढवत बसतात, पण हा त्या फिल्टरचा स्वभावच आहे. रेझोनन्स कमी करा किंवा वर सांगितलेला साइन फिल्टरला वळसा घालून थेट बाहेर काढा.

की-ट्रॅकिंग हा नॉब बहुतेकांकडून राहून जातो. तो शून्यावर असेल तर कटऑफ जागचा हलत नाही. मग खालचे स्वर चकचकीत आणि वरचे मंद, दबलेले येतात. १०० टक्क्यांवर स्वर एक सप्तक चढला की कटऑफही एक सप्तक चढतो आणि पोत सगळीकडे सारखा राहतो. लीड (मुख्य सुरावट वाजवणारा आवाज) आणि प्लक (छेडल्यासारखा छोटा आवाज) यांसाठी ५० ते १०० टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी ठेवा.

एन्व्हलप: इथे थांबा, इथे वेळ द्या

फ्रेंच संगीतकार पिएर शेफर यांनी १९४८ मध्ये घंटेच्या ध्वनिमुद्रणातून टोला पडण्याचा क्षण तेवढा कापून टाकला. उरलेला नाद घंटेचा वाटेना. तो ओबोसारख्या फुंकवाद्याचा वाटू लागला. वारंवारता घंटेच्याच होत्या, हरवली होती ती फक्त सुरुवात. सिंथेसायझरवर हेच उलट्या बाजूने करता येतं. एकच सॉटूथ केवळ एन्व्हलप बदलून छेडलेल्या तारेसारखा, गजाने ओढलेल्या तारेसारखा किंवा लांबून येणाऱ्या समूहासारखा वाजतो.

बहुतेक एन्व्हलपना चार नॉब असतात: अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज. यातले तीन वेळ दाखवतात आणि सस्टेन मात्र पातळी दाखवतो. नवशिक्यांचा सर्वांत मोठा घोळ इथेच होतो. सस्टेन वाढवला म्हणून आवाज जास्त वेळ टिकत नाही. की दाबलेली असेपर्यंत तो कोणत्या उंचीवर थांबेल एवढंच सस्टेन ठरवतो. म्हणून सस्टेन १०० टक्क्यांवर असताना डिकेचा नॉब कितीही फिरवा, काही फरक पडत नाही, कारण उतरायला जागाच नसते. डिके समजून घ्यायचा असेल तर आधी सस्टेन शून्यावर आणा.

अंदाजे आकडे असे. ठोका किंवा छेड हवी तर अटॅक ० ते ५ मिलिसेकंद. फुंकर किंवा गजाचा भास हवा तर ३० ते ८० मिलिसेकंद. पॅडसाठी ५०० मिलिसेकंदांपासून पुढे. अटॅक अगदी शून्य असेल आणि ऑसिलेटर लाटेच्या मधल्याच कुठल्यातरी बिंदूपासून सुरू झाला तर ‘टक’ असा आवाज येतो. ऑर्गनसारख्या ध्वनीत तो चालतो, मऊ आवाजात खटकतो. अटॅक २-३ मिलिसेकंदांवर न्या, तो जातो. की सोडताना तसाच आवाज येत असेल तर रिलीज १० ते २० मिलिसेकंद करा.

आता दुसरा एन्व्हलप फिल्टरच्या कटऑफला जोडा. इथे हमखास घडणारी गोष्ट अशी की एन्व्हलपची मात्रा वाढवली तरी काहीच ऐकू येत नाही. कारण कटऑफ आधीच पूर्ण उघडा असतो. एन्व्हलप त्याला आणखी वर ढकलतो, पण वर ऐकण्यासारखं काही उरलेलं नसतं. आधी कटऑफ २०० हर्ट्झपर्यंत खाली आणा, मग मात्रा तीन सप्तकांची द्या. अटॅक ०, डिके ३०० मिलिसेकंद, सस्टेन ०. सॉटूथ एकदम बोलू लागेल. डिके ८० वर आणा, मग ८०० वर न्या आणि तिन्ही वेळा तोच छोटा फ्रेझ वाजवून बघा. हा एक नॉब आवाजाचं वागणं जितकं बदलतो तितकं चार वेव्हफॉर्म पालटूनही बदलत नाही.

व्हॉल्यूमचा आणि फिल्टरचा एन्व्हलप एकमेकांकडे बघून लावा. व्हॉल्यूमचा डिके फिल्टरच्या डिकेपेक्षा लहान असेल तर फिल्टर बंद होण्याआधीच आवाज संपतो आणि फिल्टरची सगळी हालचाल वाया जाते. शिवाय व्हेलॉसिटी, म्हणजे की किती जोरात दाबली ते, फिल्टरच्या मात्रेलाही जोडा. खऱ्या वाद्यात जोर वाढला की आवाज मोठा तर होतोच, पण जास्त तेजस्वीही होतो.

एलएफओ

एलएफओ हा कानाला स्वर म्हणून ऐकू न येणारा संथ ऑसिलेटर; तो दुसऱ्या नॉबला हलवतो. पिचला जोडला तर व्हायब्रॅटो: वेग ५ ते ६ हर्ट्झ, खोली १० ते ३० सेंट, आणि सुरुवातीला ३००-४०० मिलिसेकंदांचा विलंब. विलंब नसेल तर स्वर पहिल्या क्षणापासून थरथरतो आणि यांत्रिक वाटतो. कटऑफला जोडताना वेग फार कमी ठेवा, ०.१ ते ०.३ हर्ट्झ. दोन एलएफओ वापरले तर त्यांचे वेग एकमेकांच्या साध्या पटीत नकोत, ०.१३ आणि ०.१९ अशी जोडी घेतली की हालचाल लवकर लक्षात येण्याजोगी पुन्हा-पुन्हा येत नाही. एलएफओ दर स्वरासोबत नव्याने सुरू होतो की स्वतःच्या गतीने चालत राहतो, याची कळ शोधून ठेवा. पॅडला मोकळा, तालातल्या आवाजाला नव्याने सुरू होणारा.

चार पॅच, आकड्यांसकट

बेस: एक सॉटूथ आणि एक सप्तक खाली स्क्वेअर, स्क्वेअरची पातळी निम्मी. मोनो मोड, म्हणजे एका वेळी एकच स्वर. २४ डेसिबल लो-पास, कटऑफ १५० हर्ट्झ, रेझोनन्स १५ टक्के, फिल्टर एन्व्हलपची मात्रा दोन सप्तकं, डिके २५० मिलिसेकंद, सस्टेन २० टक्के. व्हॉल्यूमचा अटॅक २ मिलिसेकंद, सस्टेन पूर्ण, रिलीज ६०. ऑसिलेटरचा फेज (लाट ज्या बिंदूपासून सुरू होते तो) दर स्वराला शून्यापासून सुरू होऊ द्या, नाहीतर प्रत्येक स्वराचा ठोका वेगळा लागेल.

पॅड: दोन सॉटूथ, एक ८ सेंट वर आणि एक ८ सेंट खाली. तिसरा पल्स, रुंदी ५० टक्के आणि तिच्यावर ०.४ हर्ट्झचा एलएफओ, हालचाल दोन्ही बाजूंना ३० टक्क्यांच्या आत. १२ डेसिबल लो-पास १,२०० हर्ट्झवर, त्यानंतर १८० हर्ट्झवर हाय-पास, म्हणजे बेसला जागा राहते. अटॅक ८०० मिलिसेकंद, रिलीज अडीच सेकंद. लांब रिलीजमध्ये कॉर्ड बदलताना आधीचे स्वर मधेच तुटत असतील तर व्हॉइस (एकाच वेळी वाजू शकणारे स्वर) संपत आहेत. चार स्वरांच्या कॉर्डला आठ व्हॉइस पुरत नाहीत, कारण मागच्या कॉर्डच्या शेपट्या अजून वाजत असतात; सोळा करा.

किक: साइन, ५० हर्ट्झ. पिचला एन्व्हलप जोडा, मात्रा ३६ सेमीटोन, म्हणजे सुरुवात ४०० हर्ट्झवरून होते. डिके ५० मिलिसेकंद आणि उतार एक्सपोनेन्शियल, म्हणजे आधी झपाट्याने, मग सावकाश. व्हॉल्यूमचा डिके ३५० मिलिसेकंद, सस्टेन शून्य, फेज शून्यापासून. पिचचा डिके १५० च्या पुढे गेला की किकऐवजी वरून घसरत येणारा ‘प्यूं’ असा स्वर ऐकू येतो. ठोसा कमी वाटला तर आधी पिचचा डिके ५-५ मिलिसेकंदांनी हलवून बघा; कंप्रेसर नंतर.

हाय-हॅट: पांढरा नॉइज (सगळ्या वारंवारतांचा सरसकट फुसफुसाट), ७,००० हर्ट्झवर हाय-पास, बंद हॅटला डिके ५० मिलिसेकंद, उघड्याला ३५०. बस.

एफएमची तोंडओळख

फिल्टरने हार्मोनिक्स कमी करता येतात. एफएममध्ये (फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन, म्हणजे एका लाटेने दुसरीची वारंवारता हलवणं) दोन साइनपासून नव्या निर्माण होतात. जॉन चाउनिंग यांनी स्टॅनफर्डमध्ये ही पद्धत शोधली, १९७३ मध्ये तिच्यावरचा निबंध प्रसिद्ध केला, आणि १९८३ च्या यामाहा डीएक्स७ ने ती घराघरांतल्या कीबोर्डपर्यंत नेली. डेक्स्ड हे मोफत प्लगइन डीएक्स७ चंच प्रतिरूप आहे, पण सुरुवातीला त्यातले सहाच्या सहा ऑपरेटर (साइन ऑसिलेटर) वापरू नका. दोनच घ्या: जो ऐकू येतो तो कॅरिअर, जो त्याला हलवतो तो मॉड्युलेटर.

दोघांचं प्रमाण ठरवतं की कोणत्या वारंवारता तयार होतील. १ ला १ ठेवलं तर सगळ्या हार्मोनिक्स येतात, सॉटूथच्या घराण्यातला आवाज. कॅरिअर १, मॉड्युलेटर २ ठेवला तर फक्त विषम, स्क्वेअरसारखा. आणि कॅरिअर २०० हर्ट्झ, मॉड्युलेटर २८० असा ठेवला तर ४८०, ८०, ७६०, ३६० अशा वारंवारता निघतात. त्या २०० च्या पटीत बसत नाहीत, म्हणून कानाला धातू, घंटा ऐकू येते. मॉड्युलेटरची पातळी हीच इथे फिल्टरचं काम करते: ती वाढली की आवाज उजळतो. म्हणून तिच्यावर एन्व्हलप लावा. कॅरिअरचा डिके ४ सेकंद, मॉड्युलेटरचा दीड सेकंद, दोन्हींचा सस्टेन शून्य. घंटा सुरुवातीला झळाळते आणि विरताना साधी होत जाते. पातळी जास्त झाली की नुसता खरखराट होतो, तेव्हा ती शून्यापासून सावकाश चढवा.

कानाने नक्कल

वरचं सगळं हातात बसवायचा खरा सराव म्हणजे एखादा आवाज ऐकून कोऱ्या पॅचपासून तो उभा करणं. क्रम पाळा. आधी व्हॉल्यूमची आकृती: एकदम येतो का चढतो; की दाबून धरल्यावर टिकतो का संपतो. मग सप्तक, इथे फार चुका होतात, कारण तेजस्वी आवाज आहे त्याहून वरच्या सप्तकातला वाटतो, तेव्हा साइन लावून स्वर जुळवून बघा. त्यानंतर पोकळ की भरीव, म्हणजे स्क्वेअर की सॉटूथ. मग फिल्टर स्थिर आहे की हलतो, हलत असेल तर दर स्वरासोबत, म्हणजे एन्व्हलप, की स्वतःच्या गतीने, म्हणजे एलएफओ. इफेक्ट सगळ्यांत शेवटी. मूळ आवाज आणि तुमचा आवाज एकाच पातळीवर आणून तुलना करा, कारण जो मोठा वाजतो तोच चांगला वाटतो आणि कान फसतो.

प्रत्येक टप्प्यावर पॅच नवीन नावाने जतन करा आणि काय बदललं तेच नावात लिहा: ‘बेस_डिके२५०’, ‘बेस_डिके४००_ट्रॅक५०’. आवाज रुंद करायला युनिसन (एकाच स्वराचे किंचित डीट्यून केलेले अनेक थर) वापरलं असेल, तर तो एकदा मोनोमध्ये, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करून, जरूर ऐका. सात व्हॉइसचं रुंद युनिसन हेडफोनमध्ये भव्य वाटतं, पण एका स्पीकरवर आलं की डाव्या-उजव्या बाजूंतले फरक एकमेकांना खोडतात आणि आवाज पातळ होतो. तसं झालं तर व्हॉइस सातावरून तीनवर आणा, स्प्रेड (डावी-उजवीकडची पसरण) निम्मा करा आणि १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनोच ठेवा.